धरण सुरक्षित आहे, पण आमच्या घरांचं काय? कोयना खोऱ्यातून खुलं पत्र

प्रति,
भूकंप, धरण, गृहनिर्माण आणि आपत्ती व्यवस्थापन ज्यांच्या हातात आहे ते सगळे अधिकारी, आणि सातारा, सांगली, रत्नागिरीतले आमचे सगळे लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

कोयनेत धक्का बसला की दुसऱ्या दिवशी पेपरला जी बातमी येते ती मला आता तोंडपाठ झालीये. धक्का सौम्य होता, केंद्रबिंदू हेळवाकच्या अमुक दिशेला इतक्या किलोमीटरवर, खोली इतकी, धरणाला कुठलाही धोका नाही, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. मी वाचायला शिकले तेव्हापासून हीच बातमी वाचतेय, फक्त आकडे बदलतात. धरणाला काही झालं नाही हे वाचून मलाही बरं वाटतं, खरंच वाटतं, कारण धरणाच्या खाली पाटण आहे, कराड आहे, पुढं सांगलीपर्यंत नदीकाठची सगळी माणसं आहेत. पण त्या बातमीत आजपर्यंत एकदाही मी असं वाचलं नाही की धक्क्यानंतर अमुक गावातल्या घरांच्या भिंती तपासल्या, अमुक शाळेची इमारत बघून आलो, एवढ्या घरांना तडे होते आणि त्यांचं असं असं केलं.

हे पत्र लिहायला निमित्त झालं ते आमच्या ग्रामसभेचं. आमच्या वाडीत घरकुलं मंजूर झाली, चांगली गोष्ट आहे, गरजू लोकांना मिळाली. आम्ही काही जणींनी ग्रामसभेत मुद्दा मांडला की हा भूकंपाचा पट्टा आहे तर घरकुलाला जोत्याच्या आणि लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या, लेव्हलला सळईची काँक्रीट पट्टी घालायलाच पाहिजे आणि कोपऱ्यात उभ्या सळया पाहिजेत, आणि शाळेची जुनी दगडी भिंत जी पोटात फुगलीये ती कुणीतरी इंजिनिअरनं येऊन बघावी. ठराव झाला, अर्ज गेला. खूप दिवसांनी एका कार्यालयातून तोंडी उत्तर आलं की मंजूर इस्टिमेटमध्ये तशी तरतूद नाही, आणि शाळेचं म्हणाल तर इमारत धोकादायक यादीत नाही. यादीत नाही कारण बघायला कुणी आलंच नाही. हे उत्तर मी गप्प ऐकून घेऊ शकत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझं यात काय आहे ते आधी सांगते. 11 डिसेंबर 1967, सोमवार, पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी जो भूकंप झाला त्यात माझी थोरली आत्या भिंतीखाली गेली. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण आमच्या घरात ती अजून आहे, तिच्या वयाची कुणी बाई दिसली की माझी आजी शेवटपर्यंत हिशोब करायची की आज एवढी असती. माझे वडील तेव्हा पोरसवदा होते, ते पुढं गवंडी झाले आणि आयुष्यभर याच खोऱ्यात घरं बांधत आणि दुरुस्त करत राहिले. त्यामुळं भूकंपात घर कसं पडतं हे मी पुस्तकात वाचायच्या आधी त्यांच्याकडून ऐकलं. ते सांगायचे की आमच्याकडची जुनी भिंत दिसायला दोन फुटी जाड, पण ती एक भिंत नसतेच, बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक थर आणि मध्ये भरलेली खडी आणि माती. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड कुणी घातलेला नसतो. जमीन हलली की मधली माती खाली बसते, दोन्ही थर एकमेकांना सोडतात, बाहेरचा बाहेर कोसळतो आणि आतला झोपलेल्या माणसावर, आणि त्यावर आढं, वासे, कौलं सगळं. पहाटेची वेळ, थंडीचे दिवस, सगळे दारं लावून आत. भूकंपानं जमीन हलली, माणसं मारली ती भिंतींनी.

त्या पहाटे जवळपास 180 माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली, कोयनानगरातली 80 टक्क्यांहून जास्त घरं पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. भूकंपाची तीव्रता 6.3 होती, जुन्या नोंदींमध्ये 6.5 पण सापडते. डोणीचावाड्याच्या बाजूला जमिनीला लांबच लांब भेग पडली. धक्का शेकडो किलोमीटरवर जाणवला, वीजनिर्मिती बंद पडली आणि मुंबईची वीज गेली, कारखाने थांबले. मुंबईच्या लोकांना बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा कळलं असेल की त्यांचा दिवा कुठल्या खोऱ्यातून पेटतो.

आणि त्याआधी आम्हाला काय सांगितलं जायचं? की दख्खनचं पठार म्हणजे जगातला सगळ्यात जुना, सगळ्यात स्थिर खडक, इथं भूकंप होत नाही. देशाच्या भूकंप नकाशात पण हा भाग निर्धोकच धरलेला होता. भूकंप म्हणजे हिमालयात, आसामात, कच्छात. सह्याद्रीत कशाला होईल. त्या भरवशावर धरणाचं डिझाइन झालं तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के एवढाच आडवा हादरा हिशोबात धरला होता, आणि त्या पहाटे धरणात बसवलेल्या यंत्रावर धरणाच्या लांबीच्या दिशेनं नोंद झाली ती 63 टक्के. एवढ्या फरकानं अंदाज चुकला तरी धरण उभं राहिलं, 103 मीटर उंचीचं धरण, हे बांधणाऱ्या इंजिनिअर आणि मजुरांचं श्रेय आहे आणि ते मी मनापासून देते. उंच भागात, जिथं मागचा उतार बदलतो तिथं भिंतीला आडवे तडे गेले होते. पुढच्या काही वर्षांत त्या भागाला मागून काँक्रीटचे जाड आधार देऊन मजबूत केलं, नंतर सांडव्याचा भाग पण मजबूत केला, ते काम 2006 च्या सुमारास पुरं झालं. भूकंप नकाशात आमचा पट्टा थेट चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या झोनमध्ये गेला. म्हणजे सरकारला धोका कळला, मान्य झाला, आणि धरणासाठी त्यावर दोनदा पैसा पण खर्च झाला. माझ्या वाडीतल्या भिंतींना मात्र त्यासाठी कुणी हात लावलेला मी तरी बघितला नाही.

आता भूकंप का होतात ते पण थोडं लिहिते, कारण गावात अजून दोन टोकाचं बोललं जातं. एक म्हणतात धरणाच्या पाण्याच्या वजनानं जमीन खचते, धरण रिकामं केलं की सगळं थांबेल. दुसरे, आणि यात काही साहेब लोक पण आले, म्हणतात धरणाचा काही संबंधच नाही, निसर्ग आहे. मी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, विशेषतः हर्ष गुप्ता यांनी वर्षानुवर्षं जे काम केलंय त्यातलं समजेल तेवढं वाचलंय. आपल्या पायाखाली वर बेसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, आमच्याकडं साधारण एक किलोमीटर किंवा थोडा जास्त जाड, आणि त्याच्याखाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक ज्यात जुन्या भेगा आहेत. भारताची सगळी जमीन उत्तरेला सरकत हिमालयाला रेटतेय आणि तो ताण इथल्या खडकात पण साठत जातो. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात म्हणून सरकत नाहीत. धरण भरलं की पाणी बारीक फटींतून खोल झिरपतं, भेगेतल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि जी पकड होती ती सैल होते, ओल्या शेवाळलेल्या फरशीवर पाय सटकावा तशी ती बाजू सटकते. ताकद पृथ्वीचीच असते, पाणी तिला निमित्त देतं. म्हणजे जो ताण कदाचित खूप काळानं मोकळा झाला असता तो आमच्या हयातीत, आमच्या गादीखाली मोकळा होतोय.

हे नुसतं तर्कानं म्हणत नाहीयेत. 1962 ला पाणी साठायला लागलं आणि लगेच छोटे धक्के सुरू झाले. 13 सप्टेंबर 1967 ला पाचच्या वरचा धक्का आला, तीन महिन्यांत मोठा. पावसाळ्यात तलाव भरतो त्यानंतर धक्के वाढतात, उन्हाळ्याकडं पाणी उतरतं तेव्हा पुन्हा थोडे वाढतात. दक्षिणेला वारणेचं धरण 1985 पासून भरायला लागलं आणि 1993 च्या आसपास त्या बाजूला पण धक्क्यांचं सत्र सुरू झालं. आजवर पाचच्या वरचे वीसहून जास्त, चारच्या वरचे दोनशेच्या आसपास आणि लहान तर हजारोंनी, आणि हे सगळं एका साधारण 30 किलोमीटर लांब 20 किलोमीटर रुंद पट्ट्यात. धरणानं चाळवलेले मोठे भूकंप चीनमध्ये झाले, आफ्रिकेत करिबाला झाले, ग्रीसमध्ये झाले, पण आमचा 1967 चा अजून जगात सगळ्यात मोठा मानतात. जगभरातले शास्त्रज्ञ हे खोरं बघायला येतात. गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर मारलं, कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा उभी राहिली. मला याचा अभिमान वाटतो, खोटं नाही सांगत. पण तीन किलोमीटर खाली काय चाललंय ते बघायला देशाकडं पैसा, माणसं आणि यंत्रं आहेत आणि जमिनीच्या वर नऊ फुटांची भिंत बघायला ज्युनिअर इंजिनिअर मिळत नाही, हे मला पटत नाही.

धरण नको असं मी म्हणत नाहीये. कोयनेला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात, 1,960 मेगावॉटचा प्रकल्प आहे, धरणाच्या तलावात, शिवसागरात, 105 टीएमसी पाणी साठतं, राज्याचे किती तरी उद्योग त्यावर उभे राहिले. आमच्याच लोकांच्या जमिनी त्यात गेल्या आणि त्यातल्या कित्येकांचं पुनर्वसन आजही पुरं झालेलं नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर लढणारी माणसं लढतायत. मी फक्त एवढंच मागतेय की पाण्यामुळं आमचा धोका वाढलाय हे शास्त्रानं मान्य केलंय तर त्या धोक्यातून घर वाचवायचा खर्च हा प्रकल्पाच्या देखभालीचाच भाग समजा, आमच्यावर केलेला उपकार म्हणून नको.

आता तक्रारी एकेक सांगते.

पहिली घरांची, ती वर बरीचशी सांगितली. चौथ्या झोनमध्ये घर कसं बांधायचं याची मानकं कागदावर कधीपासून आहेत, आयएस 4326 आहे, आणि दगड-मातीच्या साध्या घरांसाठी आयएस 13828 आहे, त्यात आरपार दगड किती अंतरावर घालायचा, पट्टी कुठं घालायची, खिडकी कोपऱ्यापासून किती लांब ठेवायची सगळं दिलंय. गावातल्या एकाही गवंड्याला मी ते कुणी समजावताना बघितलं नाही. माझ्या वडिलांना ते कळलं ते मेलेल्यांची घरं उपसताना. घरकुलाची मूळ मदत 1 लाख 20 हजार, सिमेंट सळई वाळूचे भाव तुम्हाला माहीत आहेत, घाटातून माल वर चढवायचं भाडं वेगळं, तेवढ्यात माणूस भिंती उभ्या करून पत्रा टाकतो आणि पट्टीची सळई हीच सगळ्यात आधी वाचवतो कारण ती नंतर दिसत नाही. झोन चारमध्ये आणि सपाटीवरच्या एखाद्या निर्धोक तालुक्यात घरकुलाचं इस्टिमेट एकसारखं कसं काय असू शकतं? आणि हप्ता सोडायच्या आधी फोटो काढतात तो जोत्याचा, लिंटेलचा, छताचा, मग त्याच फोटोत पट्टीची सळई दिसलीच पाहिजे अशी अट घालायला काय अडचण आहे?

दुसरी गोष्ट, आमच्या गावात रात्री कोण असतं याचा विचार तुमच्या कुठल्या आराखड्यात आहे का. पाटण, जावळीची तरणी माणसं मुंबईला, माथाडीत, गोदीत, मार्केटमध्ये, आणि आताची पोरं पुण्याला कंपन्यांमध्ये. गणपतीला आणि जत्रेला गाव भरतं, बाकी वर्षभर जुन्या दगडी घरात म्हातारा म्हातारी दोघंच. काही घरांत एकटी म्हातारी. पहाटे चारला धक्का आला तर तिला दार उघडून अंगणात यायला किती वेळ लागेल? घाबरू नका हे तिला सांगून काय होणार आहे, तिच्या डोक्यावरचा आढ्याचा जोड मोकळा झालाय तो कोण बघणार आहे?

तिसरी, शाळा आणि अंगणवाड्या. मला माहितीये काही इमारती नव्या झाल्यात, चांगल्या झाल्यात. पण ज्या जुन्या आहेत त्यांचं भूकंपाच्या दृष्टीनं ऑडिट झालंय का, झालं असेल तर त्याचा रिपोर्ट शाळेच्या दारावर का लावलेला नाही? पोरांना बाकाखाली बसायला शिकवणारं मॉक ड्रिल वर्षातून एकदा फोटोसाठी होऊन चालत नाही, भिंतच पडणार असेल तर बाक काय करणार.

चौथी, दरडी. हे मला सगळ्यात जास्त छळतं. जुलै 2021 च्या त्या पावसात आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला, माणसं चिखलात गेली. तो पाऊस भयंकर होता, दरड पावसानंच आली यात वाद नाही. पण ज्या डोंगरांना साठ वर्षं सतत हादरे बसतायत त्यांच्या उतारात काय भेगा पडल्यात, पावसाळ्याआधी त्या वाढल्यात का, याची गाववार नोंद ठेवायला नको का? आमच्याकडं भूकंपवाले वेगळे, दरडवाले वेगळे, धरणवाले वेगळे, वनवाले वेगळे, आणि डोंगर मात्र एकच. गावकऱ्याला रानात भेग दिसली तर ती कुणाला सांगायची हे आजही कुणाला धड माहीत नाही. तलाठ्याला सांगितलं तर तो म्हणतो अर्ज द्या. मग पाऊस सुरू होतो.

पाचवी, माहिती. धक्का बसला की पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड सुरू, धरणाला तडा गेला, आज रात्री मोठा येणार, गावं खाली करा. भूकंप नेमका कधी येणार हे जगात कुणालाच सांगता येत नाही हे मला कळतं, पण वाडीतल्या बाईला ते कुणी सांगायचं? अधिकृत माहिती उशिरा आणि अशा भाषेत येते की ती वाचून माणसाला काहीच कळत नाही. आणि धरण सुरक्षित आहे म्हणता ते कशावरून म्हणता ते पण सांगा ना, कुठली यंत्रं बघितली, गळतीचं माप किती होतं, कालच्यापेक्षा वाढलं का. लोकांना कळत नाही असं समजू नका, हिशोब दाखवला की विश्वास बसतो. धरण सुरक्षा कायदा 2021 ला झाला, त्यात आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केलाय. तो आराखडा मराठीत, साध्या भाषेत, नकाशासकट आमच्या ग्रामपंचायतीत का नाही? पाणी सोडावं लागलं तर आमची वाडी कुठल्या वाटेनं कुठं जाणार हे आम्हालाच माहीत नसेल तर तो आराखडा कुणासाठी आहे.

सहावी, भूकंपग्रस्त दाखल्यांची. नोकरीत भूकंपग्रस्तांना 2 टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्या दाखल्यासाठी आजोबांचं घर 1967 ला पडलं होतं याचा कागद मागतात, आणि घरासकट कागद मातीत गेलेल्या माणसाच्या नातवानं तो आणायचा कुठून. यावर मी जास्त लिहीत नाही, ज्यांनी खेटे घातलेत ते लिहितील.

कुणी म्हणेल आमच्यासारखी मागणी सगळेच करतील, पैसा कुठून आणायचा. याचं उत्तर आपल्याच राज्यानं दिलंय. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, तीव्रता कोयनेपेक्षा जास्त नव्हती, आणि माणसं किती गेली, हजारोंनी. तिथंही तसंच, जड दगड, मातीचा चिखल, जाडजूड धाब्याची छतं, पहाटेची वेळ, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमून झोपलेली माणसं. त्यानंतर मात्र राज्य कामाला लागलं, जागतिक बँकेचं कर्ज आलं, 52 गावं नव्या जागी वसवली, आणि बाकीच्या गावांतली घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायचा मोठा कार्यक्रम पण झाला. त्यात चुका झाल्या असतील, नवी गावं लोकांना सगळीकडं आवडली नाहीत हे ऐकलंय. पण दगडी घर न पाडता मजबूत करता येतं, गवंड्यांना शिकवता येतं, हे या राज्यानं करून बघितलंय. ते ज्ञान, ती माणसं, ती मॅन्युअलं कुठं तरी असतीलच. किल्लारीत ते माणसं गेल्यावर केलं, आमच्याकडं आधी करा एवढंच म्हणणं आहे.

आणि हे फक्त कोयनेचं नाही. डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांवर नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोक थंडीत तंबूत झोपले. तिथल्या मोठ्या धक्क्यांची तीव्रता चारच्या आसपास होती, तरी घरांना तडे गेले. तंबू आणि ताडपत्री ही मदत झाली, उपाय नव्हे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना जिथं जिथं धक्के आहेत तिथली घरं अशीच आहेत.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

1. कोयना-वारणा पट्ट्यातल्या प्रत्येक गावात, वाडीत घरांचं सर्वेक्षण करा. खूप मोठं तंत्रज्ञान लागत नाही, पॉलिटेक्निकची पोरं आणि एक अनुभवी इंजिनिअर मिळून भिंत बघून सांगू शकतात की कुठलं घर लाल, कुठलं पिवळं, कुठलं हिरवं. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. सुरुवात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांपासून करा.

2. चौथ्या झोनमधल्या घरकुलांना पट्ट्या आणि कोपऱ्यातल्या सळया सक्तीच्या करा आणि त्याचा वाढीव खर्च वेगळा द्या. जुन्या घरांच्या मजबुतीसाठी वेगळं अनुदान ठेवा, त्यातला काही वाटा कोयनेच्या वीजनिर्मितीतून यावा.

3. तालुक्यातल्या गवंड्यांना प्रशिक्षण द्या, त्यांची दिवसाची मजुरी बुडू न देता. एक गवंडी शिकला की त्याच्या हातून पुढची सगळी घरं नीट होतात.

4. सगळ्या शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं यांचं भूकंप ऑडिट करा आणि रिपोर्ट लोकांसाठी खुला ठेवा. आमच्या शाळेची भिंत पुढच्या पावसाळ्याआधी कुणीतरी येऊन बघावी ही स्वतंत्र विनंती, त्या खोलीत पहिली-दुसरीची लेकरं बसतात.

5. चारच्या वरचा धक्का झाला की केंद्रबिंदूजवळच्या गावांत दुसऱ्याच दिवशी तपासणी पथक आलं पाहिजे, आणि बातमीत धरणाबरोबर घरांची स्थिती पण आली पाहिजे. डोंगरातल्या भेगा कळवायला एकच नंबर आणि एकच जबाबदार अधिकारी नेमा.

6. धरणाचा आपत्कालीन आराखडा मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवा आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत येऊन समजावून सांगा, चिपळूणच्या बाजूला पण आणि कराडच्या बाजूला पण.

यातली एकही मागणी अशी नाही की ज्यासाठी नवीन कायदा लागेल. मानकं आहेत, योजना आहेत, इंजिनिअर आहेत, कराडला प्रयोगशाळा आहे, 1967 पासूनच्या नोंदी आहेत. त्या सगळ्यांना एका टेबलावर बसवणारा माणूस हवाय, आणि तो तुमच्यापैकीच कुणीतरी असणार आहे.

या पत्राचं उत्तर मला नको, ग्रामसभेला द्या. येत्या 11 डिसेंबरच्या आत, लेखी, कुठली मागणी मान्य, कुठली नाही आणि नसेल तर का नाही, असं मुद्देनिहाय. बैठक ठेवलीत तर खोऱ्यातल्या बाया नक्की येतील, पण ती रविवारी ठेवा म्हणजे मुंबई-पुण्याहून पोरांना पण येता येईल, आणि येताना घरकुलाचं इस्टिमेट बरोबर घेऊन या.

आपली,
कोयना खोऱ्यातली एक रहिवासी
(गवंड्याची मुलगी)